चौकट जागची हलणार नाही

अक्षर मोठे करून मागितले की कारखानीसबाई ते तत्काळ करून देत; पण त्याबरोबर पडद्यावरची खिडकीही मोठी करा, असे म्हटले की कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवीत. “अक्षर तुमचं, चौकट माझी,” एवढे बोलून समोरचा गप्प होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहत. मी गप्प होणाऱ्यांपैकी नव्हतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास नौपाड्यात संगणकावर मजकूर टंकून, छापून देण्याचे त्यांचे दुकान होते. मी डोंबिवलीचा, पण ज्या कचेऱ्यांशी माझे वैर होते त्या ठाण्यात, म्हणून अर्ज, हरकती आणि स्मरणपत्रे मी तिथेच करून घेई. बाई कायद्याच्या पदवीधर. वकिली का केली नाही, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, “अशिलावर विश्वास ठेवावा लागतो. ते मला जमत नाही.”

माझाही त्यांच्यावर नव्हता, आणि त्याला सबळ कारण होते. आमच्या सोसायटीच्या जमिनीचे हस्तांतरण वर्षानुवर्षे अडवून बसलेल्या बिल्डरचे कामही त्याच टेबलावर होत असे; किंबहुना दुकान त्याच्याच कामावर चालत होते. हे कितपत उचित, अशी लेखी विचारणा मी केली. बाईंनी तिच्यावर पोच दिली. “इथे येणारा प्रत्येक कागद मी शत्रूचा म्हणून वाचते,” त्या म्हणाल्या. “तुमचासुद्धा.”

खिडकीचा वाद मात्र तत्त्वाचा होता. त्या प्रोग्रॅममध्ये दोन सोयी होत्या. एकीत अक्षर वाढले तरी खिडकी तेवढीच राही. ओळी कमी दिसत, उरलेल्या पाहण्यास खाली सरकावे लागे. दुसरीत अक्षराच्या प्रमाणात खिडकीही वाढे. माझा आग्रह दुसरीचा. वाचणाऱ्यापुढच्या ओळी त्याच्या संमतीवाचून कमी करणे म्हणजे मजकूर दडवणे होय, असे माझे म्हणणे आणि तसे मी त्यांना लिहूनही दिले होते. बाईंचे म्हणणे नेमके उलट. “खिडकी लहान राहिली तर कडेची पट्टी सांगते तरी, की खाली अजून आहे. खिडकी वाढली की तिला वाटतं, आपण सगळं दाखवलं. संगणकाची काच तेवढी मोठी आहे का, हे कोण बघतो?” मला ही शुद्ध पळवाट वाटे.

मग बिल्डर अचानक नरमला. हस्तांतरणास तयार आहे, असा निरोप आला, आणि तो नरमपणाच मला खुपला. मसुदा बाईंच्या यंत्रात होता. मुद्रांकाचा कागद वाया जाऊ नये म्हणून मसुदा पडद्यावर सर्वांसमक्ष वाचायचा, संमत झाला की तिथेच छापून सह्या करायच्या, अशी तिथली रीत होती. छापल्यावर पुन्हा वाचू लागणे हा समोरच्याचा अपमान समजत. आमच्या बाजूने अध्यक्ष रेगे आणि सचिव म्हणून मी.

रेग्यांना बारीक अक्षर दिसेना. बिल्डरचा व्यवस्थापक तत्परतेने म्हणाला, “अक्षर मोठं करा ना मॅडम. आणि खिडकीपण वाढू दे, काकांना सगळं एकदम दिसेल.” माझेच तत्त्व त्याच्या तोंडून ऐकले आणि प्रथमच मला त्या तत्त्वाचा संशय आला.

बाईंचे हात मांडीवर गेले. तेव्हा त्याने स्वतःच माउस ओढून घेतला आणि हवे ते केले. खिडकी फुगली, सगळी काच तिने व्यापली. रेग्यांनी तळापर्यंत वाचले. शेवटचे वाक्य पूर्ण होते, कडेची पट्टीही खाली काही शिल्लक असल्याचे दाखवत नव्हती. “ठीक आहे, छापा,” रेगे म्हणाले.

“रेगेसाहेब, खिडकीची खालची कड मला दाखवा,” बाई म्हणाल्या.

कड काचेवर कुठेच नव्हती; खिडकी काचेच्याही खाली गेली होती.

“ती दिसेपर्यंत मी छापणार नाही. कोणत्याच पक्षासाठी.”

“मॅडम, मग आमचं काम उद्यापासून दुसरीकडे जाईल,” व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाला.

“न्या,” बाई म्हणाल्या, आणि खिडकी त्यांनी पूर्ववत केली. रेगे एकेक ओळ खाली सरकू लागले. अखेरचे कलम होते : इमारतीमागील मोकळ्या जागेवर बांधकाम करण्याचा हक्क बिल्डरकडेच राहील. रेग्यांनी चष्मा काढला. “हे कधी ठरलं हो?” त्यांनी व्यवस्थापकाला विचारले. आम्ही सही न करता उठलो.

बिल्डरचे काम खरोखरच गेले. दुकानाचा अर्धा गाळा बाईंना सोडावा लागला. आमचे हस्तांतरण पुढे झाले, मोकळ्या जागेसह. त्यासाठी मी किती पत्रे लिहिली तो विषय वेगळा. कलमाची बाईंना आधीच कल्पना होती का, असे मी एकदा स्पष्ट विचारले. “दुसऱ्या पक्षाच्या कागदाबद्दल मला काय ठाऊक आहे, हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार नाही,” त्या म्हणाल्या. “खिडकी कशी असावी, ते मी तुम्हांला पहिल्या दिवसापासून सांगत होते.”

त्या मोकळ्या जागेस बाईंचे नाव द्यावे, असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडला. बाईंना कळताच त्यांची हरकत आली : नाव दिल्यास आपण एका पक्षाचे गुपित दुसऱ्यासाठी फोडले, असा अर्थ निघेल. ठराव मी मागे घेतला.

आता बाई हयात नाहीत. हरकत घेणारी व्यक्ती गेली म्हणजे हरकत संपली, असे आमचे नवे सदस्य म्हणतात. माझ्या मते ती कायम राहते. म्हणून ते कलम बाईंना आधीच ठाऊक होते, असे मी इथेही लिहीत नाही.