दहाचा पाना देवापुढे

माझा हात पहिल्यापासून मारायला सैल. धाकटा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्याच्या वाट्याला आला. पट्टी, चप्पल, एकदा तर क्रिकेटचा स्टंप. तो तिशी ओलांडलेला, माझ्याहून वीतभर उंच, तरी माझ्या हाताला ते कळलं नव्हतं.

बडोद्यात तरसालीला आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, अंगणात त्याची गाडी उभी असायची. जुनी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. हँडब्रेक केव्हाच मेलेला, म्हणून चाकाखाली वीट. दसऱ्याला ती बाहेर काढायची त्याला फार हौस होती आणि ब्रेक ऑइल तर काळं पडलेलं. हे ऑइल हवेतलं पाणी पितं, मग ऐन वेळी ब्रेक दगा देतात. नवमीच्या सकाळी, पूजेआधी आपण घरीच बदलून टाकू, असं मीच म्हणालो.

सयाजीगंजातून चार नंबरचं आण, म्हणून सांगितलं होतं. तो पाच नंबरचं घेऊन आला. पाच म्हणजे चाराहून भारी, हे त्याचं गणित. पाच नंबरचं सिलिकॉनचं असतं, नळ्यांतल्या जुन्या ऑइलशी त्याचं जमत नाही, हे मला शांतपणे सांगता आलं असतं. मी बाटली कंपाउंडच्या भिंतीवर भिरकावली. तो पुन्हा गेला आणि चार नंबरचं घेऊन आला.

हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, दहाच्या पान्याने सैल करून जुनं ऑइल मगात काढायचं, निपल बंद करायचं आणि मगच पेडल सोडायला सांगायचं. आधी सोडलं की नळीत हवा शिरते आणि ब्रेक लागत नाहीत. लांबच्या चाकापासून सुरुवात करून तीन चाकं झाली. चौथ्याला, ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, त्याने मी सांगायच्या आधीच पेडल सोडलं. दुसऱ्यांदाही सोडलं. तिसऱ्यांदा मी मान वर करून पाहिलं तर साहेब मोबाइलवर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निपल पान्याने न आवळता नुसतं हाताने जेमतेम फिरवून मी उठलो, कॉलर धरून त्याला बाहेर ओढला आणि एक ठेवून दिली. तो राग आला की गुजरातीत शिरतो. "बहु थयुं हवे," आता फार झालं, म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला मारलं. माझा ओठ फुटला. मग आम्ही एकमेकांना अक्षरशः तुडवलं. बॉनेटवर आपटलो, ऑइलचा मग त्यावर सांडला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि माझ्या हातात अजून पाना होता. तो मी उगारला. मी तो हाणला असता, हे मला आजही माहीत आहे.

वडिलांनी मागून माझं मनगट धरलं. "आज हत्यार देवापुढे असतं," ते म्हणाले, "भावाच्या डोक्यावर नाही."

आमचे पणजोबा सरकारच्या पागेत होते. खंडेनवमीला त्यांची तलवार देवापुढे मांडतात आणि तिच्याबरोबर घरातलं सगळं लोखंड: सुऱ्या, कात्र्या, पाने, पकडी. मांडलं की दसऱ्याच्या आरतीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला, धुतला, कुंकू लावून तलवारीशेजारी ठेवला.

भाऊ नाकाला फडकं लावून पायरीवर बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "झाली का चारही?"

मी म्हणालो, "झाली."

नाही म्हटलं असतं तर त्याला पुन्हा सीटवर बसायची विनंती करावी लागली असती. आणि उद्या आरतीनंतर पाना उचलून निपल गुपचूप आवळू, तोवर गाडी कोण हलवतोय, अशी मी मनाची समजूत घातली. पण खरं तेच सांगतो. एक क्षण मनात हेही आलं, की आपटू दे लेकाला.

बॉनेटवरचं ऑइल कुणी पुसलं नाही. संध्याकाळपर्यंत तिथला लाल रंग फुगून सुटला.

दसऱ्याला बडोद्यात सकाळपासून फाफडा-जिलेबीला रांगा लागतात. आरती अजून व्हायची होती; मी दात घासत होतो आणि बाहेर इंजिन सुरू झालं. ब्रश टाकून धावलो. त्याने वीट काढली होती, गाडी उतारावरून फाटकाकडे निघाली होती. मी ओरडत तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मला बघून त्याने ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकलेलं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गाडीने माझा उजवा पाय फाटकाच्या खांबाशी चिरडला. गुडघ्याखालचं हाड मोडलेलं मी ऐकलं. फाटकापलीकडे भरधाव गाड्यांचा रस्ता होता.

दवाखान्यात तो माझ्या पलंगाशी रडत बसला. आपण पेडल आधी सोडत होतो, हवा राहिली ती आपल्यामुळे, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. "दादा," म्हणाला, "माझ्या पायापायी तुझा पाय गेला."

मी भिंतीकडे तोंड केलं. दुखतंय असं त्याला वाटलं, त्याने नर्सला बोलावलं.

गाडी त्याने विकली. मी लंगडतो. त्यानंतर मी कुणावर हात उगारलेला नाही, आणि लोक त्याचं श्रेय माझ्या वयाला देतात. दर खंडेनवमीला भाऊ तो दहाचा पाना स्वतः घासूनपुसून तलवारीच्या उजव्या बाजूला ठेवतो, त्यावर झेंडूचं फूल वाहतो आणि आलेल्या पाहुण्यांना दादा गाडीपुढे कसा आडवा आला ते सांगतो. सांगून झालं की माझ्या पाया पडतो, मोडलेल्या पायाला आधी हात लावून. मी त्याला आशीर्वाद देतो.