बेबीताईंचं भांडण

शेलूबाजारात बेबीताईंचं किराणा दुकान आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं उभं ठेवलं. वजनात त्या कधी मारत नाहीत आणि वाकडं बोलणं कोणाचं ऐकून घेत नाहीत, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे.

लखनभाऊ तिथले ठोक व्यापारी. साखर, तेल, साबण, सगळ्या लहान दुकानांचा माल त्यांच्याच गोडाऊनमधून यायचा. दिवाळीच्या आधी ते स्वतः बेबीताईंकडं आले.

"ताई, आपल्या बाजाराचं सोताचं कॉइन काढलं मी. फोनवरून घ्यायचं, फोनवरूनच द्यायचं. ब्लॉकचेन म्हंतात त्याले. हिशेब हजार ठिकाणी लिहिला जाते, कोनाच्या बापाले खोडता येत नाही."

"अन् मी माल कायनं भरू?"

"याच कॉइननं! माह्याकडूनच त भरता तुमी."

बोलता बोलता त्यांनी 'येथे कॉइन चालते' असा कागद दाराला चिकटवलासुद्धा. नाही म्हणायची सोयच नव्हती. ज्या दुकानदारांनी कां-कूं केली, त्यांच्याकडं ऐन दिवाळीत तेलाचे डबे पोचलेच नाहीत. गिऱ्हाइकांना वेगळं आमिष होतं: लखनभाऊंकडं रोख भरून कॉइन घेतलं की वर थोडं जास्त मिळायचं. जवळच्या तांड्यावरच्या रुपाबाईनं दोन बकऱ्या विकून कॉइन घेतलं. ती ऊसतोडीला निघाली होती. मागं म्हातारी सासू आणि लेकरं. त्यांना बेबीताईंकडून किराणा मिळत राहावा, एवढाच तिचा विचार.

संक्रांतीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस बेबीताई साखर आणायला गेल्या तर गोडाऊनवरचा माणूस म्हणाला, "कॉइन नाही चालत आता. रोख पायजे."

लखनभाऊ आतच बसले होते. बेबीताईंनी फोन त्यांच्यापुढं धरला.

"पाहा ना ताई, तुमचं एक तरी कॉइन कमी झालं काय? हिशेब जसाच्या तसा हाय. फक्त भाव पडला. बाजार हाय, चढते-पडते."

"साखरेचा भाव पडला तरी साखर गोड लागते, लखनभाऊ. हे काय चाटू मी?"

दारात मालाचा ट्रक उभा होता. लखनभाऊंनी ड्रायव्हरच्या हातात नोटा मोजून ठेवल्या, बेबीताईंच्या डोळ्यांदेखत. स्वतःच्या कॉइनचं नावही काढलं नाही. बेबीताईंच्या अंगाची लाही लाही झाली. हा माणूस स्वतः कॉइनला हात लावत नाही आणि साऱ्या गरिबांच्या गळ्यात बांधतो!

दुसऱ्या दिवशी रुपाबाईची सासू फोन घेऊन दुकानात आली. "बाई, याच्यात हायेत ना पैशे? तूरदाळ दे, तेल दे."

म्हातारीला ब्लॉकचेन काय सांगणार आणि पडलेला भाव काय सांगणार? कागद तर आपल्याच दाराला होता. बेबीताईंनी डाळ बांधली, तेल दिलं, गूळही टाकला. म्हातारी गेल्यावर तो कागद नखांनी खरवडून काढला. तरी राग निवेना.

बाजाराच्या दिवशी त्या सरळ लखनभाऊंच्या गोडाऊनवर गेल्या आणि साखरेच्या पोत्यावर बसल्या. "कॉइन घ्या अन् माल द्या. नाहीतर मी उठत नाही."

खेड्यापाड्यातले दुकानदार माल भरायला आलेले. गर्दी जमली. लखनभाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, तमाशा काहून करून राह्यल्या? तुमचं तेवढं मी देऊन टाकतो. मांगच्या दारानं या."

बेबीताई उभ्या राहिल्या आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका रे बाप्पा! मांगच्या दारानं माहे पैशे देतो म्हंते हा! म्हंजे पैशे हायेत याच्याजवळ. मंग रुपाबाईचे काहून नाही? तुमचे काहून नाही?"

मग मात्र दुकानदारांना कंठ फुटला. लखनभाऊंनी शटर ओढलं.

त्याच दुपारी दुकानदार जीप करून पोलिसांत तक्रार द्यायला गेले. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, "कॉइन घेताना अंगठा तुम्हीच लावला ना फोनवर?" बेबीताई म्हणाल्या, "लावला. अन् त्यानं आमाले माल देतो म्हनून जबान देल्ली व्हती, ते कोन लिहून घेईन?" संध्याकाळ झाली तरी त्या बाकावरून हलल्या नाहीत. शेवटी साहेबांनी तक्रार लिहून घेतली.

चौकशी अजून चालूच आहे. गोडाऊन आता लखनभाऊंच्या मेव्हण्याच्या नावानं उघडलंय, आणि लोक तिथूनच माल भरतात, कारण जवळपास दुसरं गोडाऊन नाही. बेबीताई मात्र पाऊल ठेवत नाहीत. वाशीमहून माल आणतात. भाडं जास्त पडतं, नफा कमी होतो.

ऊसतोडीहून परतलेली रुपाबाई परवा म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, आपल्या नशिबातच नव्हतं."

"नशीब म्हनू नको!" बेबीताई तिच्यावरच कडाडल्या. "नशिबानं नाही नेलं. लखननं नेलं. चौकशीच्या तारखीले तू बी चाल माह्यासंगं, अन् त्याचं नाव घेऊन सांग."

रुपाबाईनं मान डोलावली.