इतवारीतला खटका, नरखेडातली किल्ली

आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कित्येक वर्षं शेठजींच्या स्कूटरचा नंबर होता. लक्षात ठेवायची गरजच नव्हती, दारात स्कूटर उभी असे. एकदा शेठजी स्कूटर घेऊन बाहेर गेले आणि मी अडलो, तर गल्लीतल्या चहावाल्यानं गाळणी हलवता हलवता आकडा सांगितला. तेव्हा मला काहीच खटकलं नाही. उलट चहावाल्याच्या स्मरणशक्तीचं कौतुक वाटलं. मी त्या दुकानाचा सुरक्षातज्ज्ञ होतो, हे इथेच सांगून टाकतो.

दुकान नागपूरच्या इतवारीत. विहिरीवरच्या मोटरपंपांचे सुटे भाग आम्ही ठोकात विकतो. काटोल, नरखेडकडच्या गावोगावच्या दुकानदारांना आमच्याकडून माल जातो. कोणत्या पंपाला कोणतं सील बसतं, कोणती बेअरिंग कुठल्या खणात आहे, कोणाला काय गेलं, हे सगळं त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात. तोही भिंतीकडे तोंड करून बसवलेला, कारण समोरचा दुकानदार दुर्बिणीतून आमचे भाव वाचतो अशी शेठजींची पक्की समजूत.

या कॉम्प्युटरवर बसायची ती ताई. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण शेठजींपासून हमालांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. गाव नरखेड तालुक्यातलं, नागपुरात भाड्याची खोली. गावी आई एकटी आणि संत्र्याची बाग. एक दिवस आई बागेत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढचे कितीतरी महिने तिच्याजवळ कोणीतरी राहणं भाग होतं. कोणीतरी म्हणजे ताईच, दुसरं कोणी नव्हतंच.

"नोकरी सोडा लागते आता," ती डबा झाकत म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मी गप्प बसलो असतो.

"कायले सोडतं?" मी म्हणालो. "गावातून कर ना काम! आजकाल जग करून राहिलं."

माझं तोंड असं माझ्या पुढे पळतं, मी मागून चपला शोधत जातो.

"खरंच होते काय दादा?"

"आठवड्याभरात करून देतो!"

कसं करायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण अंगात असा काही उत्साह सळसळला की मी तिथल्या तिथे शेठजींसमोर जाऊन उभा राहिलो.

"घरून काम?" शेठजींनी चष्मा कपाळावर चढवला. "घरी तं मले पेपर वाचू देत नाई कोणी. अन् माझा सारा स्टॉक असा तारेतून गावोगाव फिरन काय? समोरच्याले दिसला तं?"

"कोणाले नाई दिसत शेठजी. पक्कं कुलूप लावून देतो."

"तू?" एवढंच म्हणाले. त्या एका अक्षरात माझी सगळी कारकीर्द आली.

शेवटी ठरलं ते असं. सोमवारी सकाळी ताईनं गावातून काम करून दाखवायचं. सकाळी लवकर, कारण गावचे दुकानदार तांबडं फुटताच फोन करतात आणि इतवारीतून तिकडे जाणारी मालगाडी, म्हणजे आमचा नेहमीचा टेम्पो, बाजार भरायच्या आत निघतो. सोमवारची मागणी त्या टेम्पोत चढली तर ताईची नोकरी राहिली. नाही चढली, तर शेठजींच्या मित्राची भाची दुपारी येणारच होती, खुर्ची पाहायला.

मी कामाला लागलो. पहिल्याच दिवशी यश! कुठेतरी वाचून कॉम्प्युटरचा बाहेरचा दरवाजा उघडला, दुपारी जेवायला घरी जाऊन मोबाइलवर पाहिलं, तर दुकानाचा सगळा स्टॉक माझ्या तळहातावर. मी बायकोला हाका मारून बोलावलं. "पाह्य, इथं बसून इतवारीच्या बेअरिंगा मोजून राहिलो!" ती म्हणाली, "आधी घरातले सिलेंडर मोज, एकच राहिलं."

संध्याकाळी दुकानात कोण कोण येऊन गेलं याची नोंद उघडली आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुपारभर कुठकुठले अनोळखी लोक दार वाजवत होते. एक थकला की दुसरा. मी दार उघडलं होतं ते फक्त माझ्यासाठी नव्हे, अख्ख्या पृथ्वीसाठी, आणि कडी म्हणून लावला होता स्कूटरचा नंबर. शेठजी समोरच्या दुर्बिणीला घाबरत होते, आणि मी त्यांचं दुकान थेट चौकात मांडून आलो होतो. कोणी आत शिरलं नव्हतं, ही माझी हुशारी नाही, नशीब.

दार धाडकन बंद केलं आणि यावेळी नीट शिकलो. एका जाणत्या मित्राला विचारलं, त्यानं आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग समजावलं. दुकानाच्या इंटरनेटवर एक छोटा डबा बसवला. बाहेरून येणाऱ्यासाठी आता रस्ता एकच, झाकलेला, बोगद्यासारखा, ज्यात काय चाललंय ते वाटेतल्या कोणाला दिसत नाही. बोगद्याची किल्ली फक्त ताईच्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप चोरीला गेला तरी चालेल, कारण आत यायला तिच्या मोबाइलवर येणारा आकडाही लागायचा, जो पाहता पाहता बदलायचा. आत आल्यावर तिला स्टॉक दिसेल, मालाचं चलान करता येईल, पण खरेदीचे भाव फक्त शेठजींना. आणि सगळ्यांचे पासवर्ड वेगळे, नवे, लांबलचक. चहावाला दोन दिवस नाराज होता.

ताई गावी गेली. रोज दुपारी आम्ही तपासून पाहायचो. ती तिकडून "आली दादा, आत आली!" म्हणून ओरडायची आणि मी इकडे खुर्चीतून उठून उभा राहायचो. सगळं चोख. शनिवारी दुपारी, वीज गेली तरी चालावं म्हणून, कॉम्प्युटरला बॅटरीची एक पेटीही जोडली. संध्याकाळी तर माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

आता त्या शनिवारच्या संध्याकाळचं सांगतो. आमच्या गल्लीत दुकान बंद करायची एक रीत आहे. जुन्या बाजारात आगीची धास्ती मोठी. दिवा लावायचा, उदबत्ती ओवाळायची, आणि शेवटी अख्ख्या दुकानाच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढून त्याला हात जोडायचे. शेठजींचे वडील हेच करत. मेन चालू ठेवून घरी जाणारा माणूस गल्लीत सापडणार नाही. शेठजी हा मान दुसऱ्या कोणाला देत नाहीत. पण त्या शनिवारी ते माझ्यावर खूश होते.

"चाल साहेब, आज तू बंद कर."

मी धन्य झालो. दांडा ओढला, हात जोडले. आत कुठेतरी काहीतरी टीं टीं करून किंचाळू लागलं. मला वाटलं, बाहेर टेम्पो मागे येतोय. मी शेठजींना हाताला धरून बाजूला घेतलं, "सांभाळा, गाडी येऊन राहिली."

रविवारी दुकान बंद. सोमवारी पहाटे मोटरसायकलनं निघालो. तशी गरज नव्हती, पण इतिहास घडताना मला हजर राहायचं होतं. ताईच्या घरी पोचलो तेव्हा तिनं अंगणात टेबल मांडलं होतं. लॅपटॉपला इंटरनेट मिळावं म्हणून आईचा मोबाइल गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर, त्यावर उलटी टोपली. आई दारातल्या बाजेवर पडून सगळं पाहत होती.

फोन वाजला. पलीकडच्या गावचा आमचा दुकानदार. "ताई, एका गिऱ्हाइकाच्या पंपाचं सील गेलं, बागेचं पाणी थांबलं, ओलित सोडून बसला. आजच्या गाडीनं पाठव वं."

"पाठवते भाऊ!" ताईनं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि किल्ली फिरवली.

काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिलं.

"दादा, आत नाई जाऊन राहिलं."

मी लॅपटॉप ओढला. इकडे दाब, तिकडे दाब. टाकीवर चढलो, टोपली उचलली, मोबाइल सूर्याला दाखवला. रेंज तर ठणठणीत. लॅपटॉपवर गाणी चालत होती, दुकान तेवढं सापडत नव्हतं. आणि मग मला ते दुपारभर दार वाजवणारे अनोळखी लोक आठवले. कोणीतरी आत शिरलं! सगळं घेऊन गेलं!

"ताई," मी म्हणालो, "हल्ला झालाय."

"अवं माय," बाजेवरून आई म्हणाली, "कोणावर?"

मी शेठजींना फोन लावला, स्पीकरवर. दुकान उघडायच्या आधी ते बागेत फिरायला गेले होते. "शेठजी, दुकानावर हल्ला झाला! लवकर जा! कशाले हात लावू नका!"

शेठजींनी फोन ठेवला नाही, तसाच हातात धरून ते धावत सुटले. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "हल्ला! दुकानावर हल्ला!" मागून त्यांच्यासोबत फिरणाऱ्या मंडळींचे आवाज, "काहून? कोणी केला? पोलिसाले सांगितलं काय?" मग स्कूटर, तिच्यामागे मंडळींच्या गाड्या, मग गल्लीतला हातगाड्यांचा खडखडाट. कोणीतरी विचारलं, "शेठजी, लाठी आणू काय?"

इकडे ताई बोटांनी टेबलाची कड घासत होती. टेम्पो सुटायला फार वेळ उरला नव्हता.

"कुलूप तं जसंच्या तसं हाय," शेठजी धापा टाकत म्हणाले.

"तसा हल्ला नाई शेठजी, तारेतून! आत जाऊन पाहा, कॉम्प्युटरवर काय दिसते?"

शटर वर गेल्याचा आवाज.

"काय दिसते शेठजी?"

"काही नाई दिसत."

"म्हणजे पडदा काळा? अक्षरं येऊन राहिली काय? कोणी निरोप ठेवला?"

"अरे कायचा निरोप गा! अंधार हाय."

"अंधार म्हणजे?"

"अंधार म्हणजे अंधार! मेन बंद हाय. तूच तं बंद केला शनिवारी, हात जोडून!"

फोनच्या त्या टोकाला आधी एक हमाल हसला, मग फिरायला आलेली मंडळी, मग बहुतेक अख्खी गल्ली. या टोकाला आई बाजेवर हसता हसता खुबा धरून विव्हळत होती, "हासवू नको रे बाप्पा, टाके दुखते!" मी कित्येक वर्षं रोज संध्याकाळी तो दांडा खाली जाताना पाहिला होता. बोगदा केला, किल्ल्या केल्या, बदलता आकडा केला. पण सगळं तपासलं होतं भर दुपारी, दुकान उघडं असताना. बोगद्याच्या त्या टोकाचा कॉम्प्युटर रात्री झोपवून सकाळी कोणी उठवायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि शनिवारची ती किंचाळी टेम्पोची नव्हती. वीज गेली म्हणून ती नवी बॅटरीची पेटी मला हाका मारत होती.

ताई मात्र हसली नाही. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "शेठजी, मेन वर करा. मग टेबलाखालचं गोल बटन दाबा. निळा दिवा लागन."

"मी?" शेठजींनी जन्मात ते यंत्र स्वतः चालू केलं नव्हतं.

"तुमीच. टेम्पो निघाला तं माझी नोकरी बी निघाली."

खट्. मग खुडबुड, मग "लागला वं, लागला! निळा लागला!" ताईनं किल्ली फिरवली. मोबाइलवरचा आकडा टाकला. वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि स्टॉकची ओळ पडद्यावर उमटली. सील, मागच्या भिंतीचा वरचा खण. तिची बोटं अशी पळाली की मला दिसेनात. चलान तयार. छापा.

फोनमध्ये प्रिंटरची घर्र घर्र ऐकू आली, आणि पाठोपाठ शेठजींचा आवाज, बारशाला पेढे वाटावे तसा. "आला! कागद आला! खुर्चीवर कोणी नाई अन् कागद आला! अरे या ना पाहाले! नरखेडहून आला!"

"शेठजी, कागद पाहू नका, माल पाठवा!" ताई ओरडली. "मागची भिंत, वरचा खण! टेम्पो!"

मग हमालाची पळापळ, शिडी पडल्याचा आवाज, कोणाची तरी शिवी, टेम्पोवाल्याला मारलेल्या आरोळ्या. आम्ही तिघं अंगणात फोनकडे कान लावून बसलो. शेवटी शेठजी फोनवर आले.

"चढला माल," ते म्हणाले. आणि मग खासगी आवाजात, "ताई, अजून एखादा कागद पाठव ना. समोरचा आता आला, त्याले दाखवतो."

ताईनं टेबलावर डोकं टेकवलं. खांदे हलत होते. आई बाजेवरून म्हणाली, "रडते काय वं? आता तं नोकरी राह्यली." ताई म्हणाली, "म्हणूनच रडून राहिली."

मित्राच्या भाचीला शेठजींनी येऊ नको म्हणून स्वतः कळवलं.

मेनचा दांडा मात्र आजही रोज संध्याकाळी खाली येतो, ते शेठजी सोडणार नाहीत. त्याच आठवड्यात वायरमननं कॉम्प्युटर आणि त्या डब्यासाठी मेनच्या आधीपासून वेगळी लाइन ओढली, आगीची धास्ती नको म्हणून तिला स्वतःचा लहान खटका आणि फ्यूज. शेठजी आधी मेनला हात जोडतात, मग वाकून तो लहान खटका चालूच आहे ना, ते बोटानं चाचपतात, आणि लगेच फोन लावतात, "ताई, दिसते ना वं सगळं?"

मला दोन्ही खटक्यांपासून हातभर लांब उभं राहावं लागतं. आता शटर ओढायचं काम माझ्याकडे आहे.