पुढे सरकवलेली बशी

जर्मनीत मैत्रिणीकडे आठवडाभर राहायला निघाले, तेव्हा माझ्या बॅगेत तिच्या आईने दिलेलं तिखटजाळ सावजी मसाल्याचं पाकीट होतं आणि डोक्यात त्यांनीच सोडलेला किडा. आम्ही दोघी नागपुरात प्रताप नगरच्या एकाच गल्लीत वाढलो. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पहिले व्हिडिओवर घरभर फिरवून दाखवायची. आता एकाच भिंतीपुढे बसून बोलते. जावई तर दिसतच नाही. हा मसाला त्यायच्यासाठी दे. तू तिले काही विचारू नको वं, फक्त पाहून ये."

काकूंनी माणूस बरोबर निवडला होता. मी जात्याच संशयी. भाजीवाल्याने न मागता जास्त कोथिंबीर दिली तरी मी ती जुडी आधी उलटून बघते.

विमानतळावर मैत्रीण गळ्यात पडली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "तो टूरवर गेला वं, तुझी भेट नाही होणार." घरी मसाल्याचं पाकीट तिने न बघताच पर्समध्ये टाकलं. तिचा नवरा म्हणजे पाहुण्यांच्या वाटीतला झणझणीत रस्साही ओढून घेणारा माणूस. त्याच्यासाठी नागपूरहून आलेला मसाला स्वयंपाकघरात न जाता पर्समध्ये कशाला, हे मला कळेना. पण काकूंना शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले.

शनिवारी संध्याकाळी ती मला एका बारमध्ये घेऊन गेली. तिच्या ऑफिसमधले दोघे तिथे येणार होते, एक जर्मन बाई आणि एक हैदराबादचा मुलगा. बार म्हटल्यावर मला काळ्या काचा आणि आत अंधार एवढंच माहीत. इथे लख्ख उजेड होता आणि भिंतींवर छतापर्यंत खेळांचे खोके रचलेले होते. केस पिकलेली, टाय लावलेली माणसं बिअरचे घोट घेत लाकडाच्या इवल्याशा मेंढ्या पटावर सरकवत होती. यात नक्की गोम काय आहे, ते मी बराच वेळ शोधत राहिले. गोम काहीच नव्हती, लोक खरंच खेळायला आले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरपुढे फतकल मारून आम्ही जे फुकटात केलं, त्यासाठी या लोकांनी दुकान काढलं होतं.

आमच्या टेबलावर आला तो खेळ मात्र माझ्यासाठीच बनवल्यासारखा होता. सगळ्यांना एकेक पान वाटायचं. एकाला चोराचं पान येतं, बाकीचे गावकरी. चोराने साळसूद चेहऱ्याने खोटं बोलायचं आणि इतरांनी त्याला हुडकायचं. पाच-सात मिनिटं सगळे एकमेकांना उलटसुलट विचारत होते. मैत्रीण तर इतकी सहज बोलत होती की जर्मन बाईचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. मग तिने बटाट्याच्या तळलेल्या कापांची बशी माझ्यापुढे सरकवली. "घे नं वं, तू काहीच खाऊन नाही राहिली."

मी म्हटलं, "चोर हीच आहे."

पान उलटलं तर खरंच तीच. सगळे थक्क झाले. "तुले कसं समजलं वं?" ती विचारत राहिली, मी ताकास तूर लागू दिली नाही. लहानपणी पत्त्यांत थापा मारायची वेळ आली की ती आधी चिवड्याची बशी पुढे करायची. गल्लीतल्या सगळ्या पोरींना हे ठाऊक होतं. तिला कधी कोणी सांगितलं नाही, कारण मग आम्ही जिंकलो नसतो. ही खोड तिची एकटीची नव्हती, काकूंचीही तीच. घरात काही लपवायचं असलं की त्या आधी खायला वाढायच्या.

निघताना तिने पर्समधून मसाल्याचं पाकीट काढलं आणि हैदराबादच्या मुलाला दिलं. "ले जा. अपने घर में इतना तीखा कोई नहीं खाता."

मी तिच्याकडे बघितलं. आपण काय बोलून बसलो ते तिच्याही ध्यानात आलं.

"तो कधी येऊन राहिला टूरवरून?" मी विचारलं. काकूंना दिलेला शब्द तिथेच मोडला.

"पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. तिचा हात बशीकडे गेला. बशीत दोनच काप उरले होते, तरी तिने ती सरकवलीच. खेळ तर केव्हाच संपला होता. मला इतकं वाईट वाटलं की ते दोन्ही काप मी मुकाट्याने खाल्ले.

ट्रामच्या थांब्यावर तिने सगळं सांगितलं. तो घर सोडून गेला होता, परत येणार नव्हता. "आईले मी दिवाळीत तिथं येऊन सांगतो. फोनवर ऐकून ती एकटी घरात काय करन? तू काही बोलू नको वं, तुले माझी शप्पथ." मी मान हलवली.

नागपूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूंकडे गेले. वाटेत बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. काकूंनी चिवडा आणला, चहा ठेवला आणि समोर बसल्या.

"कशी आहे माही पोरगी?"

"एकदम मजेत, काकू. मोठं घर आहे, छान मित्रमंडळी आहेत. मले खेळायले घेऊन गेली होती."

"अन् जावई?"

"तेही बरे आहेत. कामात असतात फार." माझा आवाज जराही हलला नाही, याचा मला अभिमानच वाटला. "तुम्ही घ्या नं, काकू. काहीच खाऊन नाही राहिल्या."

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. चिवड्याची बशी मी त्यांच्यापुढे सरकवली होती.

त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि पदराने हात पुसले.

"त्यानं सोडलं," त्यांनी विचारलं, "का हिनं?"