भुकेच्या पाच पायऱ्या

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, मोठ्या माणसांचा. चार वर्षांत इंग्रजी किती जणांना आलं ते कृपा करून विचारू नका! किस्से विचाराल तर मात्र हातातला चहा थंड होईल, किस्से संपणार नाहीत. त्यातले निम्मे भुकेचे. त्याला कारणही मीच. मी नियमच काढला होता: शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी डबा आणायचा आणि आपल्याला किती भूक लागलीय हे इंग्रजीत सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पोटात भूक असली की माणूस पटापट शिकेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय, बाप्पा!

*

पहिल्याच शनिवारी मी फळ्यावर लिहिलं, "आय कुड ईट अ हॉर्स." सांगितलं, खूप भूक लागली की इंग्रज म्हणतो, आता मी आख्खा घोडा खाईन.

रफिकभाई उभेच राहिले. वरातीला घोडी देणं हा त्यांचा धंदा. "मॅडम, आठ सालं झाले, चांदनी माझ्या घरी हाय. लेकीवानी वागवतो मी तिले. हे वाक्य माझ्यानं होनार नाही."

"अहो, ते नुसतं म्हणायचं असतं."

"नुसतं तरी काहून म्हनायचं?"

मी घोडा पुसला आणि तिथं बकरा लिहिला. रफिकभाईंनी वाक्य खणखणीत म्हटलं आणि डबा उघडून आलूची भाजी खाल्ली.

*

वनिताताई किन्हीराजाहून जीपनं येतात. शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. वय पंचेचाळीसच्या पुढं, पण वहीत अक्षर असं की मला लाज वाटावी!

एकदा मी पाच शब्द दिले. थोडी भूक म्हणजे पेकिश, मग हंग्री, मग रॅव्हनस, मग फॅमिश्ड आणि शेवटी स्टार्व्हिंग. ताईंनी वहीत चक्क जिना काढला. एकेका पायरीवर एकेक शब्द.

"एवढं कशाला, ताई?"

"माही पल्लवी आयर्लंडले शिकाले हाय ना, मॅडम. कवाबी फोन करा, 'आई, जेवली' म्हनते. अन् गाल तं बसून राह्यले तिचे! शाळेत पोट्टं उपाशी आलं तं मले त्याच्या तोंडावरूनच समजते. मोबाईलमधी नीट दिसत नाही. तिच्यासंग खोलीत ग्रेस नावाची केनियाची पोरगी राह्यते. तिले मराठी येत नाही. म्हनून तिलेच इच्यारायचं हाय इंग्रजीत, माही पोरगी कोन्त्या पायरीवर हाय."

त्या दिवसापासून ताईंच्या त्या प्रश्नाची प्रॅक्टिस आम्ही सगळेच घ्यायला लागलो. रफिकभाई तर ग्रेस व्हायचे, आवाज बारीक करून!

*

"पोटात कावळे ओरडतात" याला इंग्रजीत काय म्हणायचं, असं कुणीतरी विचारलं. मी सांगितलं, इंग्रजाचं पोट गुरगुरतं.

"म्हंजे त्याच्या पोटात कुत्रं हाय," रफिकभाई म्हणाले.

वनिताताई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "आपले कावळेच बरे. पितृपक्षात कामी तरी येतात."

*

देवानंदभाऊ पोस्टातून रिटायर झालेले. नातवंडं इंग्लिश मीडियमची, म्हणून क्लासला येतात. माझ्याआधी पोचतात, "जय भीम, मॅडम" म्हणतात आणि फळा पुसून ठेवतात.

एका शनिवारी त्यांची पाळी आली. वाक्य होतं, "आय अ‍ॅम स्टार्व्हिंग."

"म्हंजे उपाशी मरून राह्यलो, असंच ना?"

"हो, पण गमतीनं म्हणतात, भाऊ. दोन तासांपूर्वी जेवलेला माणूससुद्धा म्हणतो."

भाऊंनी डब्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "आमची माय सांगे, पानी पी अन् पालथा झोप, पालथं झोपलं की भूक दबते. आमी पाचही भावंडं पालथे झोपो. मी हे गमतीनं नाही म्हनत, मॅडम."

मला इतकं ओशाळं वाटलं की काय सांगू. रफिकभाईंनी गुपचूप आपला डबा त्यांच्यापुढं सरकवला. "भाऊ, तुमी नुसतं हंग्री म्हना. मॅडम पास करतात."

केलं की! नियम गेला चुलीत.

*

आता शेवटचा, दिवाळीनंतरच्या शनिवारचा. वनिताताईंनी क्लासमधूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपार होती. पल्लवी खाली कपडे धुवायला गेलेली, फोन ग्रेसनं उचलला. ताईंनी एका दमात विचारून टाकलं, "ग्रेस, माय डॉटर हंग्री? टेल ट्रूथ!"

ग्रेसनं आधी दाराकडं पाहिलं. मग भडाभडा बोलली. ताई माझ्याकडं बघायला लागल्या. मी मराठीत सांगितलं, "ताई, ग्रेसचं हॉटेलातलं काम तीन महिन्यांपूर्वी सुटलं. पल्लवी एकीपुरतंच रांधते आणि त्यातलं अर्धं हिला देते. घरी सांगू नको म्हणून तिनं हिला शपथ घातली होती."

मला वाटलं, ताई आता रडणार. तेवढ्यात पल्लवी कपडे घेऊन आत आली.

"जेवली काय?" ताईंनी विचारलं.

"हो आई, जेवली."

"खोटारडी! ग्यास पेटव. दोघीपुरती खिचडी टाक, अन् माझ्या समोर जेवा!"

खिचडी शिजेपर्यंत ताईंनी फोन ठेवला नाही. पल्लवीनं तिकडचा मोबाईल भिंतीला टेकवला, दोन ताटल्या घेतल्या आणि दोघी जेवायला बसल्या. इकडं आम्ही अकरा जण एका मोबाईलवर वाकलेलो, देवानंदभाऊ चष्मा पुसत होते.

पल्लवीची ताटली आधी रिकामी झाली. "आई, पोट भरलं. आता ठेवू फोन?"

"थांब. तुले नाही, तिले इच्यारून राह्यली मी. ग्रेस, मोअर?"

"नो, आंटी. आय अ‍ॅम ओके."

ताई नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या, शाळेत पोरांकडं बघत असतील तशा. ग्रेसनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "आंटी, आय अ‍ॅम स्टिल हंग्री."

"पल्लवी," ताई म्हणाल्या, "वाढ तिले."