शास्त्राधाराचा तडितसेन

माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिक थापाड्या उभ्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ते शाळेत शास्त्र शिकवत आणि सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या छापखान्यातून निघणाऱ्या साप्ताहिकात तडितसेन नावाच्या वीराची कथा क्रमशः लिहीत. हा तडितसेन तांब्याच्या घंगाळात अंघोळ करत असताना त्याच्यावर वीज पडली, ती बाहेर न जाता अंगातच मुरली आणि तेव्हापासून तो एका हाताने भरली बैलगाडी उचलू लागला, असा एकूण मामला. थाप केवढीही मोठी असो, तिला शास्त्राधार हवा, हा मामांचा हट्ट. "जावईबापू, वाचकाला फसवायचं, पण नियमाने," असं ते मला गंभीर चेहऱ्याने सांगत.

नियम मामांचे, पण खोट काढायच्या मामी. मामी मंद्रूपच्या, अक्षरओळख अजिबात नाही. मामा दर प्रकरण आधी त्यांना वाचून दाखवत आणि मामी भाकरी थापता थापता एकच प्रश्न विचारत. "अवो, एवढा लई पळतोय, तर वाऱ्यानं धोतर पेटायचं न्हाई का?" झालं! मामा दोन दिवस घर्षणाचं गणित मांडत बसले आणि शेवटी त्यांनी वीराला ओलं धोतर नेसवलं. "वल्ल्या कापडातनं वीज जाती म्हणता की तुमी," मामी म्हणाल्या. मग धोतर जाऊन चामड्याची तुमान आली. आता चामडं घालून देवळात कसं जायचं? त्यामुळे मूर्ती चोरीला गेली त्या प्रकरणात आमचा महापराक्रमी वीर पायरीखाली उभा राहून चोराला "बाहेर ये" म्हणत होता. गाडी उचलताना पाय काळ्या रानात किती रुततील, हे बघायला तर मामांनी मलाच पावसाळ्यात मंद्रूपला नेऊन पाठीवर ज्वारीचं पोतं दिलं. मी गुडघ्यापर्यंत गेलो. मामा आनंदाने माप घेत राहिले आणि माझी डावी वहाण त्या रानात राहिली ती राहिलीच. पुढच्या अंकापासून तडितसेन काखेत फळी घेऊन हिंडू लागला. गाडी उचलायची झाली की आधी पायाखाली फळी.

असा हा वीर एकदा शत्रूने ढकलल्यामुळे पायऱ्या नसलेल्या विहिरीत पडला. अंगातली वीज पाण्यात उतरून गेली, बळ सरलं, आणि मामाच अडकले. दोन अंकांत आम्ही "तडितसेन अद्याप विहिरीतच आहे" एवढंच छापलं. बार्शीच्या एका वाचकाने त्याच्या जेवणाखाण्याची काय सोय, अशी चौकशी केली. त्यातच मामींच्या पोटातली गाठ वाढली आणि मिरजेला ऑपरेशन ठरलं.

"मी गाडीत बसायच्या आदी त्येला भाईर काढा," मामींनी बजावलं. "न्हाईतर तितं जीव टांगणीला ऱ्हाईल माजा."

मामांनी कागदांवर कागद फाडले. विहिरीचं पाणी उकळून वाफेच्या जोरावर वीर वर उडवावा, असं त्यांना सुचलं. "बळ सरलं म्हणता, मग पानी कशानं तापीवताय?" मामींनी विचारलं. मामांनी तोही कागद फाडला.

जायच्या दिवशी सकाळी गाठोडं बांधता बांधता मामीच म्हणाल्या, "त्या हिरीवर बाया येत न्हाईत व्हय पान्याला? दोर सोडतील, वढतील की."

"अगं, पण शास्त्राधार?"

"चार बाया असल्या की दोराला आनिक कसला आदार लागतोय?"

मामा तिथेच बसून लिहू लागले. मी धावतपळत छपाईचे खिळे जुळवले आणि ओलं प्रूफ घेऊन स्टेशन गाठलं. डब्यात मामींच्या शेजारी बसून मामांनी ते मोठ्याने वाचलं. मामींनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येला हात लावला तर बायास्नी झटका बसायचा न्हाई?"

"वीज पाण्यात उतरली आहे ना!" मामा जवळजवळ ओरडलेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. मामी पोटावर हात धरून हसल्या. "मग बरं," म्हणाल्या, आणि गाडी हलली.

मिरजेहून मामा एकटेच परत आले.

महिन्याभराने त्यांनी पुढचं प्रकरण आणून दिलं. तडितसेन एका उडीत भीमा ओलांडून गेला होता. का, कसा, काही नाही. मी जसंच्या तसं छापलं. वाचकांची पत्रंच पत्रं आली, सगळे बेहद्द खूश. मामा छापखान्यातल्या बाकावर बसून एकेक पत्र शेवटपर्यंत वाचत होते. मला वाटलं, तेवढाच त्यांचा जीव रमेल. सगळी वाचून झाल्यावर त्यांनी ती नीट रचून माझ्या टेबलावर ठेवली.

"एकानेही खोट काढली नाही, जावईबापू," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण वीज विहिरीतच उतरली असताना ही उडी कशाच्या बळावर, ही खोट खिळे जुळवताना मला दिसली होती आणि मामांना बरं वाटावं म्हणून मी गप्प बसलो होतो.