कंबरदुखीचं निमित्त

आम्ही राहतो नांदेडला, पण बायकोच्या उपचारासाठी मी लातूर निवडलं. आम्ही दोघंही शिक्षक. नांदेडात चार पावलं चाललं की कुणीतरी पालक हात जोडतो. व्यसनमुक्ती केंद्राच्या पायरीवर आम्हाला कुणी बघू नये, एवढाच माझा विचार होता.

तिला सवय लागली होती ती दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची. मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या दिल्या होत्या. जखम भरली, गोळ्या चालूच राहिल्या. कधी या मेडिकलमधून, कधी थेट गावाबाहेर विष्णुपुरीला जाऊन ती त्या आणायची. मला दोन वर्षं पत्ता नव्हता. कळलं ते तिच्या शाळेतून. मुख्याध्यापिकांनी बोलावून सहामाहीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक पेपरवर सतरा गुण. आत एकही उत्तर तपासलेलं नव्हतं. अर्ध्या गुणासाठी पेपर दोनदा उलटून बघणारी बाई ती. मला त्या गठ्ठ्याकडे बघवेना.

केंद्रात तिला तीन आठवडे ठेवून घेतलं. नंतर दर दुसऱ्या शनिवारी समुपदेशनाला यायचं ठरलं. पहिल्या दोन वेळा मी बाहेर बाकावर बसून राहिलो. तिसऱ्या वेळी समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी मलाही आत बोलावलं. पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई.

"घरी तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"लक्ष ठेवतो. पर्स बघतो, कपाट बघतो. मेडिकलची बिलं तपासतो."

"आणि यांच्याशी बोलता कधी?"

बायको पदराचं टोक पिळत बसली होती. मग मॅडमकडे बघूनच म्हणाली, "माझं दुखणं घरात सगळ्यांना जुनं झालं होतं. दुखतंय म्हटलं की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. गोळी घेतली की कुणाला सांगायची गरजच पडत नव्हती."

परक्या बाईसमोर तिने माझी लाज काढली असं मला वाटलं. परतताना अहमदपूर येईपर्यंत मी एस.टी.त तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिचं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं असावं.

तरी आम्ही जात राहिलो. ओढ लागली तर तिने लपवायचं नाही, मी चिडायचं नाही, ती ओसरेपर्यंत नुसतं जवळ बसायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. कणीक मळता मळता ती म्हणायची, "आज लई मन करून राहिलंय हो." मी स्टूल ओढून बसायचो. तिच्या कपाळावर घाम यायचा. कधी अर्धा तास, कधी जास्त. मग म्हणायची, "गेलं." आठ महिने असे काढले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एवढं आम्ही पूर्वी कधी बोललो नव्हतो.

मग निलंग्याला माझ्या अक्काच्या मुलीचं लग्न निघालं. नेमका शनिवार. "एक वेळ नाही गेलं तर काय होतंय?" मी म्हणालो. बॅग भरताना ती म्हणाली, "अक्कांना तरी खरं सांगा. म्हणजे मला कुणी गोळी देणार न्हाई."

"लग्नघरात ह्या गोष्टी कशाला?" मी म्हणालो.

लातूरला आम्ही तिची कंबर दाखवायला जातो, असं मी सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं. हळदीच्या दिवशी ती जरा भिंतीला टेकली, तर अक्काच्या जाऊबाई धावत आल्या. "वहिनी, कंबर लई दुखत असंल, हाव ना? ह्या गोळ्या घ्या, माझ्याच हायत." अख्खी पाकिटं तिच्या हातात ठेवली. माणूस मायेनं करतं तसंच केलं त्यांनी. मी समोर पाहुण्यांशी बोलत उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. चार लोकांत काय सांगू, म्हणून गेलो नाही.

अक्षता पडल्या तेव्हा ती आतल्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. पुन्हा पडणं ह्या आजारात होतं, पुन्हा सुरू करू, म्हणाल्या. आणखी दोनदा ती आली. तिसऱ्या वेळी बॅग हातात घेऊन उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "तिथं मी एकटीच खरं बोलते. मला थकवा आलाय." त्यानंतर ती गेलेली नाही. शाळेत बिनपगारी रजा टाकली आहे. आता ती गोळ्या लपवत नाही आणि मन करतंय हेही सांगत नाही.

मी एकटाच जातो. मॅडमनी मलाही वेळ दिली आहे. त्यांच्याशी बोलूनच शेवटी मी अक्काला फोन करून सगळं सांगितलं. अक्का म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर मी तिच्याजवळून हललेच नसते रे."

अक्काला सांगितलं, हे मी बायकोला सांगितलं. ती पडूनच होती. "बरं केलं," म्हणाली आणि कूस बदलली.

गेल्या शनिवारी निघताना विचारलं, "येतेस?" तिने नकारार्थी मान हलवली. एकदाच विचारायचं, गळ घालायची नाही, असं मॅडमनी बजावलं आहे. मी दार ओढून घेतलं आणि स्टँडकडे निघालो.